फॉर्च्युनरवरून जर्मन गाडीवर: देवगडच्या बागायतदाराला उत्तर

प्रश्न: देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. २०१७ची फॉर्च्युनर ऑटोमॅटिक वापरतो, १ लाख ४० हजार किलोमीटर झाले, गाडीने कधी दगा दिला नाही. पण आईचं वय ७८. चढताना तिला स्टूल लागतं आणि मागच्या सीटवरून पुण्याला जाऊन आली की दोन दिवस कंबर धरून बसते. मुलगा म्हणतो, आता बीएमडब्ल्यू एक्स-३ किंवा मर्सिडीज जीएलसी घ्या, डिझेलच घ्या. रोजचं जाणं-येणं म्हणजे घर ते बाग सहा किलोमीटर. महिन्यातून दोनदा पुणे किंवा मुंबई. पावसात गाडी बरीचशी उभीच असते. बागेची वाट जांभ्याची, मध्ये एक उंचवटा. फॉर्च्युनर एक्स्चेंजला द्यावी का? आणि अशी गाडी कोकणात पोसवेल का?
— एक बागायतदार

उत्तर: सप्रेम नमस्कार. गाडी जरूर घ्या. फक्त फॉर्च्युनर एक्स्चेंजला देऊ नका, निदान एक पावसाळा आणि एक आंब्याचा हंगाम उलटेपर्यंत तरी नाही. शोरूमवाला नेमका याच मुद्द्यावर तुमच्या मागे लागेल, कारण त्याला त्यात दोन्हीकडून मार्जिन आहे. तुमच्या पत्रात खरं तर दोन वेगळ्या गाड्यांची कामं लिहिली आहेत. सहा किलोमीटरची जांभ्याची वाट आणि पुण्याचा लांबचा पल्ला ही दोन्ही कामं फॉर्च्युनर एकटी निभावत होती, म्हणून ती वेगळी आहेत हे जाणवलं नाही. जर्मन गाडी पुण्याचं काम फॉर्च्युनरपेक्षा कितीतरी चांगलं करील आणि बागेचं काम केलं तर महागात पाडील.

आधी आईंचं बघू, कारण गाडी बदलायचं खरं कारण तेच. फॉर्च्युनर शिडीसारख्या चॅसिसवर बसवलेली गाडी आहे: खाली लोखंडी फ्रेम, त्याच्यावर बॉडी, मागे सलग दांडा अ‍ॅक्सल. मागचं एक चाक खड्ड्यात गेलं की दांड्यामुळे धक्का दुसऱ्या बाजूलाही जातो. जीएलसी आणि एक्स-३ची बॉडी एकसंध, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. त्यामुळे मागची सीट शांत राहते आणि घाटाच्या वळणांवर गाडी डोलत नाही. बसायची उंचीही कमी, स्टूल लागणार नाही. मात्र टेस्ट ड्राइव्हला आईंना सोबत न्या आणि मागेच बसवा. दार पूर्ण उघडल्यावर पाय आत घेताना गुडघा दाराच्या खांबाला लागतो का, उतरताना साडी उंबरठ्याच्या कडेला घासते का, एवढं पाहा. पावसात ती कड लाल चिखलाने माखलेली असते आणि काही गाड्यांत ती बरीच रुंद असते. तिसरी रांग मात्र जाणार. दोन्ही गाड्या पाचच माणसांच्या, गणपतीला पाहुण्यांची ने-आण करताना हे आठवेल.

आता रोजचे सहा किलोमीटर. तुमची २०१७ची गाडी बीएस-४ या धुराच्या जुन्या नियमातली, तिला डीपीएफची कटकट नव्हती. आजच्या बीएस-६ डिझेलच्या धुराच्या वाटेवर काजळी धरून ठेवणारी जाळी असते, ती डीपीएफ. जाळी भरत आली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल देऊन ती तापवते आणि काजळी जाळते. पण त्यासाठी इंजिन पूर्ण तापलेलं हवं आणि गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात धावायला हवी. घर ते बाग सहा किलोमीटरमध्ये इंजिन धड तापतही नाही. जाळायला सुरुवात झाली की तुम्ही बागेत पोचता आणि चावी बंद करता. असं आठ-दहा वेळा झालं की जाळी चोंदते, डॅशबोर्डवर दिवा येतो, पुढे गाडी ताकद कमी करते. शिवाय अर्धवट राहिलेल्या प्रत्येक खेपेत थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर समजायचं की हेच चाललं आहे. तेव्हा सर्व्हिसच्या तारखेची वाट न बघता ऑइल बदलायचं. ऑइल भरताना नुसतं ‘सिंथेटिक’ सांगून भागत नाही, मॅन्युअलमध्ये कंपनीचा मंजुरी क्रमांक असतो तोच डब्यावर हवा. चुकीच्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही.

म्हणून बागेला फॉर्च्युनर, बाहेरगावी नवी गाडी. महिन्यातून दोनदा पुणे-मुंबई होतं, तेवढ्यात डीपीएफ आपोआप साफ राहील. दिवा आलाच, तर गाडी घेऊन नांदगाव तिठ्यावर या आणि महामार्गावर अर्धा तास सलग चालवा. बंद पडण्याच्या भीतीने घरी नेऊन उभी करतात, ते नेमकं उलटं आहे.

अ‍ॅडब्लूची सवयही नवी. हे युरियाचं पाणी, ३२.५ टक्क्यांचं, वेगळ्या टाकीत भरायचं असतं आणि त्याचं झाकण निळं असतं. पातळी कमी झाली की गाडी आधी किलोमीटरची उलटी मोजणी दाखवते. ती शून्यावर गेल्यावर इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होत नाही. बीएस-६ ट्रकांना हेच लागतं, म्हणून महामार्गावरच्या पंपांवर १० लिटरचे कॅन मिळतात. सीलबंद आणि ताज्या तारखेचा घ्या, उन्हात ठेवू नका, आणि बागेत फवारणीचे कॅन जिथे ठेवता तिथे तर मुळीच नको. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर स्टार्टर मारू नका. गाडी तिथेच ठेवून टोइंग बोलवा. इंजिन फिरलं की पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळी यंत्रणा खर्चात जाते.

उभ्या राहणाऱ्या गाडीचं गणित वेगळं. या गाड्या बंद असतानाही थोडी वीज खात असतात: अलार्म, मोबाइल अ‍ॅप, चावी ओळखणारे सेन्सर. तीन आठवडे हलली नाही की १२ व्होल्टची बॅटरी खाली बसते, मग चुका दाखवणारे दहा दिवे एकदम लागतात आणि माणूस घाबरतो. शेडमध्ये प्लग असेल तर बॅटरी मेंटेनर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर घ्या, या गाड्यांतल्या एजीएम प्रकारच्या बॅटरीला चालणारा. बीएमडब्ल्यूची बॅटरी सहसा मागे बूटखाली, म्हणजे डिकीखाली असते, पण बोनेटमध्ये जंप देण्यासाठी वेगळे पॉइंट दिलेले असतात; ते कुठे आहेत हे डिलिव्हरीच्या दिवशीच दाखवून घ्या. बॅटरी बदलली तर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तशी नोंद करावी लागते. ती न करता नाक्यावरच्या बॅटरीवाल्याकडून बसवली, तर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजून चार्ज करते आणि ती लवकर मरते. दमट खाऱ्या हवेत महिनाभर हँडब्रेक लावून ठेवलं की मागचे ब्रेक पॅड डिस्कला चिकटतात. त्यापेक्षा सपाट जागी ‘पी’मध्ये ठेवा, चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि इलेक्ट्रिक ब्रेक सोडा.

उंदरांबद्दल एवढंच, की सीटखाली आंब्याची कोय किंवा पेटीतला पेंढा राहू देऊ नका आणि एसीच्या हवेच्या तोंडावर बारीक तारेची जाळी बसवून घ्या. या गाड्यांत वायरिंगचा हार्नेस एकसंध येतो, एक वायर कुरतडली तरी वर्कशॉप अख्खा हार्नेस बदलायला सांगू शकतं.

बागेच्या वाटेवरचा उंचवटा टेस्ट ड्राइव्हच्या आधीच तपासता येतो, दोरी आणि दोन खुंट्या घेऊन. फॉर्च्युनरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, २७४५ मिमी. जीएलसीचा २८८८, नव्या एक्स-३चा २८६५. गाडीचं पोट जितकं लांब, तितकं ते उंचवट्यावर लवकर टेकतं. त्यात या गाड्या मुळातच बुटक्या. २ मीटर ८९ सेंटिमीटर दोरी मोजा, दोन्ही टोकं उंचवट्याच्या अलीकडे-पलीकडे चाकं जिथे टेकतील तिथे खुंट्यांना जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर ताणून बांधा. मधल्या माथ्यापासून दोरी किती उंच राहते ते पट्टीने मोजून ३०मधून वजा करा, दोरी मागेपुढे सरकवून वजाबाकीचा सगळ्यात मोठा आकडा घ्या. मॅन्युअलमधल्या ग्राउंड क्लिअरन्समधून तो वजा करा आणि वर चार बोटं सोडा, कारण पाच माणसं आणि सामान चढलं की गाडी खाली बसते. चार बोटंही उरत नसतील तर माथा फोडून घ्या किंवा अलीकडे-पलीकडे चिऱ्यांचा भराव टाका. एका दिवसाचं काम आहे. पोटाखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यांसाठी एकदा वर्कशॉपला खेप घालण्यापेक्षा ते परवडतं.

वाट किती रुंद आहे तेही मोजा, पण आरसे धरून. माहितीपत्रकात रुंदी आरशांशिवाय लिहितात. दोन गडग्यांमधून जाणारी पाणंद असेल तर वळणावर मागचं चाक आत किती येतं तेही बघा, लांब व्हीलबेसची गाडी जास्त आत कापते. रेवस-रेड्डी सागरी मार्गाने कधी वर जायचं झालं तर दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा फेरीबोटी लागतात. ओहोटीला धक्का आणि बोटीचा पत्रा यांच्यात कोन वाढतो आणि नव्या गाडीचा लांब पुढचा बंपर तिथे घासतो. भरती-ओहोटीची वेळ बघून निघा, पत्र्यावर किंचित तिरपी चढवा, आणि उतरल्यावर पोटाखाली गोडं पाणी मारा.

टायरकडे मात्र नीट लक्ष द्या, कोकणात या गाड्यांना सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. फॉर्च्युनरला येणारा २६५/६० आर१८ टायर घ्या. रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची २६५चे ६० टक्के, म्हणजे १५९ मिमी. जीएलसीला येणारा २३५/५५ आर१९ घेतला तर ती १२९. हौसेने २० इंची रिम घेतली, समजा २५५/४५ आर२०, तर उरतात ११५ मिमी. जांभ्याचा चिरा रस्त्याच्या कडेला तासलेल्या धारेसारखा उभा असतो. समोरून ट्रक आला आणि तुम्ही डावीकडे उतरलात की तीच धार टायरच्या बाजूच्या भिंतीला लागते. रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं पंक्चर काढता येतं, बाजूच्या भिंतीला चीर गेली की टायर टाकूनच द्यावा लागतो. म्हणून मॉडेल ठरवताना सगळ्यात लहान रिमचं व्हेरिएंट मागा. सेल्समन कुरकुर करील, शोरूममध्ये मोठी रिम उठून दिसते. ऐकू नका.

बूटची खालची फळी उघडून स्टेपनी काय आहे ते स्वतः बघा. काही गाड्यांत बारीक स्टेपनी असते, तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नसतं. काहींत रनफ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावरही ते साधारण ८० किलोमीटर, ताशी ८०च्या आत चालतात. पण चीर गेल्यावर तेही बदलावेच लागतात, आणि तो साइज देवगड किंवा कणकवलीच्या टायरवाल्याकडे तयार असेल या भरवशावर राहू नका. डिलिव्हरीच्या वेळीच त्याच कंपनीचा, त्याच पॅटर्नचा पाचवा टायर घेऊन घरी ठेवा, सावलीत, उभा. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एकच टायर कोरा आणि बाकीचे झिजलेले असे चालत नाहीत. व्यासात फरक पडला की ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी, सतत घासत राहते. म्हणून टायर अर्धे झिजायची वाट न बघता हा पाचवा सुरुवातीपासूनच आळीपाळीने फिरवून वापरात घ्या.

पंक्चरवाल्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतील. फॉर्च्युनरला चाकाच्या बाहेर आलेल्या सहा स्टडवर नट बसतात. जर्मन गाडीला स्टड नसतात, पाच बोल्ट बाहेरून आत जातात, त्यामुळे चाक काढलं की ते धरायला काहीच नसतं आणि बसवताना भोकं जुळवावी लागतात. पहिले दोन वेढे हातानेच फिरवायचे, थेट गन लावली की आटे जातात. दुसरं, शेवटचा आवळ टॉर्क पान्यानेच: एक्स-३ला १४० न्यूटन-मीटर, जीएलसीला १५०. तुमच्याकडे स्वतःचा टॉर्क पाना असलेला बरा. तिसरं, जॅक. उंबरठ्याखाली ठरलेल्या जागी रबराचे चौकोनी ठोकळे असतात, जॅक फक्त तिथेच. फॉर्च्युनरच्या फ्रेमला कुठेही जॅक लावायची सवय असलेला हात इथे उंबरठ्याचा पत्रा दाबून ठेवतो. लॉक बोल्ट असतील तर त्याची चावी टूलकिटमधून कधीच बाहेर काढून ठेवू नका.

आता बागायतदाराच्याच घरची गोष्ट. डिसेंबर ते फेब्रुवारी मोहोराचा काळ, आणि गाडी कलमाखाली उभी. उघडणारं काचेचं छत असेल तर त्याच्या चौकटीत चार कोपऱ्यांना चार नळ्या असतात; काचेच्या कडेने आत आलेलं पाणी त्या खांबांतून खाली सोडतात. मोहोराची गळ, करंजाचा पाचोळा आणि तुडतुड्यांचा चिकटा मिळून या नळ्यांच्या तोंडावर बूच बसतं. पावसाळ्याआधी ते कळत नाही. जूनमध्ये पाणी नळीऐवजी छताच्या कापडावर आणि तिथून खांबाच्या आतून पायाखालच्या गालिच्यात जातं. या गाड्यांत गालिच्याखाली, सीटखाली कंट्रोल युनिटं आणि वायरिंगचे जोड असतात. हेडलाइट उगाच लागणं, मागचं दार न उघडणं असले भुताटकीचे प्रकार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

मे महिन्याच्या शेवटी हे करा: छत उघडा, चौकट ओल्या फडक्याने पुसा, प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी हळू ओता आणि खाली बघा. चाकाच्या आसपास किंवा दाराच्या बिजागरीजवळून धार पडली की नळी मोकळी. नसेल पडत, तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर गोल करा आणि हळूहळू ढकला. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या जोडातून निसटते. मग पाणी पडताना दिसत नाही आणि सगळं गालिच्यातच जातं. वायपरखालच्या खोबणीतही हाच कचरा साठतो. तिथलं पाणी जायचं भोक महिन्यातून एकदा हाताने साफ करा, म्हणजे एसीच्या फिल्टरला पाणी लागत नाही. रंगावर पडलेला चिकटा पाण्याने आधी भिजवून मग पुसायचा, कोरडा घासला की ओरखडे राहतात. देठाचा चीक रंगावर वाळू देऊ नका. आणि पेट्या नव्या गाडीत नको, बूटमध्ये ठेवलेल्या पेटीचा चीक सीटच्या चामड्यापर्यंत पोचतोच.

पोटाखाली काय करायचं याबद्दल आपल्याकडे एक जुनी पद्धत आहे: पावसाळ्याआधी जळकं ऑइल किंवा डिझेल फवारायचं. शिडीच्या चॅसिसला ते खपून गेलं. इथे चालणार नाही. सस्पेन्शनचे रबरी बुश, अ‍ॅक्सलवरची रबरी आवरणं तेलाने फुगतात आणि फाटतात. अँटिरस्ट हवंच असेल तर मेणावर आधारलेलं, आणि एक्झॉस्ट, सेन्सर, ब्रेक झाकून. त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे ऑक्टोबरमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन खालचे प्लास्टिकचे पत्रे उतरवायचे. वरून धुतलेली गाडी चकचकीत दिसते, पण त्या पत्र्यांच्या वरच्या बाजूला चार महिन्यांचा लाल गाळ ओला राहिलेला असतो आणि तोच नट-बोल्ट खातो.

साचलेल्या पाण्याचा नियम साधा. मॅन्युअलमध्ये पाण्यातून जाण्याची कमाल खोली दिलेली असते. ती स्थिर पाण्यातली आणि चालण्याच्या वेगातली. वहाळाला पूर आला असेल तर तो आकडा लागू नाही. फॉर्च्युनर जिथून गेली तिथून ही जाईल असं धरू नका. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, काहीही झालं तरी. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि विमा कंपनी नेमकं तेच विचारते: बंद पडल्यावर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला का?

ब्रँड निवडण्याआधी वर्कशॉप निवडा. देवगडहून कोल्हापूर गाठायचं तर फोंडा नाहीतर गगनबावड्याचा घाट, पणजी गाठायची तर नांदगाव तिठ्यावरून महामार्ग. दोन्हीकडे साधारण दीडशे किलोमीटर. ज्या ब्रँडचं वर्कशॉप घाट न चढता मिळतं त्याचं पारडं जड समजा, पावसात दरड आली की घाट बंद असतात. तिथे जाऊन सेल्सच्या नव्हे, सर्व्हिसच्या टेबलावर बसा आणि सहा वस्तूंची किंमत लेखी मागा: पुढची काच कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनसह, एक हेडलाइट, एक टायर, पुढचा लोअर आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा खालचा दांडा), चारही चाकांचे पॅड-डिस्क आणि बॅटरी. शेजारी लिहून घ्या, यातलं काय स्टॉकमध्ये असतं आणि काय मागवावं लागतं. जीएलसी चाकणला आणि एक्स-३ चेन्नईला जुळवली जात असली तरी सुटे भाग त्यामुळे जवळ येत नाहीत. ते कागद बघून छातीत धस्स झालं, तर व्यवहार तिथेच थांबवायला हरकत नाही.

टोइंगचं आधीच ठरवा. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी पुढची चाकं उचलून ओढली की गिअरबॉक्सचं नुकसान होतं, तिला फ्लॅटबेडच लागतो. कंपनीची रोडसाइड सेवा तुमच्या पिनकोडला किती किलोमीटरपर्यंत फुकट नेते, हे लेखी घ्या. ओढायचा हुक बूटमध्ये टूलसोबत सुटा असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून तो पिळून बसवायचा. रात्री पावसात शोधण्यापेक्षा एकदा अंगणात बसवून बघा.

पैशांचं थोडक्यात. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या खासगी डिझेल गाडीला रोड टॅक्स १५ टक्के, पेट्रोलला १३. हिशेबासाठी किंमत ७५ लाख धरली तर डिझेलचे ११ लाख २५ हजार. आंब्याच्या कॅनिंगची कंपनी असेल आणि तिच्या नावावर घेतली तर २० टक्के, म्हणजे १५ लाख. आणि अशा गाडीवरच्या जीएसटीची वजावटही सहसा मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांवरचा कर सेससह ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. नव्यांच्या किमती उतरल्या तसा जुन्या गाड्यांचा बाजारही खाली आला, त्यामुळे फॉर्च्युनरची किंमत मनात धरताना आधीचे आकडे धरू नका. बिलात १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर लागेल, इथे ७५ हजार. तुमचं उत्पन्न शेतीचं, करमुक्त, म्हणून रिटर्न भरत नसाल तर यंदा भरा. हे पैसे परत मिळतात, पण मागितल्याशिवाय नाही.

विम्यात झीरो डेप (भरपाईतून घसारा न कापणारं कव्हर), इंजिन प्रोटेक्ट आणि टायर-रिम कव्हर घ्या, बाकीचं बघून. फॉर्च्युनरवर पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के नो क्लेम बोनस साठला असेल. तो गाडीचा नाही, मालकाचा. फॉर्च्युनर विकली तर तो नव्या गाडीच्या ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर लावता येतो. ठेवली तर तिथेच राहतो. जुनी ठेवण्याची ही खरी किंमत आहे, ती हिशेबात धरा.

दोघींत जीएलसी की एक्स-३? गाडी तुम्ही स्वतः चालवणार आणि घाटात चालवायची हौस असेल तर एक्स-३. आईंसाठी घेत असाल तर आमचं मत जीएलसीकडे, लहान रिमवर. मुलगा डिफेंडर सुचवील तेव्हा त्याला सांगा की ती आरसे मिटूनही दोन मीटर रुंद आहे, पाणंदीत गडग्याला लागेल. फॉर्च्युनर काही करून विकायचीच असेल तर मग डिझेलचा हट्ट सोडा आणि हायब्रिड पेट्रोल बघा. लेक्सस ही टोयोटाचीच आलिशान शाखा, तिच्या एनएक्सला डिझेलचा डीपीएफ नाही आणि अ‍ॅडब्लूही नाही, सहा किलोमीटरच्या खेपा ती मुकाट करते. वर्कशॉपं मात्र मोजकी. ऑडी क्यू-५ आणि व्होल्वो एक्ससी-६० आपल्याकडे पेट्रोलच मिळतात.

दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी घ्यायचा मोह झाला तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटचा वीतभर भाग बघा. जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा किती गाड्या पाण्याखाली होत्या ते आपण पाहिलं आहे, आणि पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. पट्ट्यावर गाळाची रेघ, स्टेपनीच्या खळग्यात बारीक माती, फ्यूजबॉक्सच्या टोकांवर हिरवट बुरशी, यातलं एक जरी दिसलं तरी परत फिरा.

फॉर्च्युनर एप्रिल २०१९च्या आधीची, तेव्हा हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली नसेल तर बसवून घ्या, नाहीतर पुढेमागे विकताना आरटीओत नाव बदलायचं काम अडेल. आणि नव्या गाडीची डिलिव्हरी दिवाळीच्या सुमारास घ्या. जानेवारीची नोंदणीही चालेल, उत्पादनाचा महिना चॅसिस नंबरवरून तपासून आणि गेल्या वर्षीची निघाली तर किंमत कमी करून. मेमध्ये घेऊ नका. नव्या गाडीतल्या बारीक तक्रारी पहिल्या दोन-तीन महिन्यांत वर येतात, आणि ते महिने घाट उघडे असताना गेलेले बरे.